सशांची जोडी जमवताना सगळं अडतं ते मादीच्या नसबंदीपाशी

नराचं काम पटकन उरकतं. साडेतीन-चार महिन्यांचा झाला, अंडकोष खाली उतरलेले दिसले की नसबंदी करता येते. जखम लहान असते आणि बहुतेक नर त्याच संध्याकाळी गवताला तोंड लावतात. पण शुक्राणू लगेच संपत नाहीत, म्हणून नसबंदी न झालेल्या मादीपासून त्याला सहा आठवडे लांबच ठेवायचं. 'ऑपरेशन झालंय की' म्हणून सोडलात तर साधारण 31 दिवसांनी पिल्लं मोजत बसाल. मादी व्यायल्यावर काही तासांतच पुन्हा गाभण राहू शकते, त्यामुळे ती चूक एकदाच होते असंही नाही.

माझा सगळा वैताग मादीच्या वेळचा. तिचं पोट उघडून गर्भाशय आणि अंडाशय काढावे लागतात. पाच-सहा महिने हे ठीक वय, मोठ्या जातींना आणखी थोडं थांबतात. फार लवकर केलं तर अवयव बारीक असतात. फार लांबवलं तर चरबी साचून ऑपरेशन अवघड होतं, आणि नसबंदी न झालेल्या माद्यांमध्ये वयाबरोबर गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका खूप वाढतो. त्यामुळे नराची झालीच आहे, मादीची कशाला, हा हिशेब मला पटत नाही. पिल्लं होणार नाहीत, पण आजार आणि आक्रमकपणा दोन्ही तसेच राहतील.

दवाखान्यात आधी 'अजून लहान आहे' म्हणून परत पाठवलं. पुढच्या खेपेला तारीख मिळाली आणि सोबत छापील चिठ्ठी: आदल्या रात्री बारानंतर अन्नपाणी बंद. ही चिठ्ठी कुत्र्या-मांजरांची. भुलेत उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाईल, म्हणून त्यांना उपाशी ठेवतात. सशाला उलटी करताच येत नाही. उलट त्याचं आतडं सतत चालू राहावं लागतं. बारा तास पोटात काही गेलं नाही तर आतडं मंदावतं, गॅस धरतो, आणि भूल उतरल्यावर जनावर खायचंच बंद होतं. काउंटरवर हे सांगितलं तर उत्तर एकच, 'सगळ्यांना हेच देतो.' शेवटी डॉक्टरांनाच गाठलं, तेव्हा त्यांनी एका वाक्यात ती अट काढून टाकली. मग ती चिठ्ठी वाटतात कशाला, हा प्रश्न अजून डोक्यात आहे.

तेव्हा तारीख घेण्याआधी प्रश्न डॉक्टरांनाच विचारा. सशांची ऑपरेशनं नेहमी करता का? भुलेच्या आधी किती वेळ खाऊ द्यायचं? ऑपरेशन चालू असताना अंग गरम कसं ठेवता? घरी वेदनाशामक देणार ना? साधारणपणे मेलॉक्सिकॅम देतात, आणि 'नको, तसाच बरा होतो' असं कोणी म्हणालं तर मी दुसरा दवाखाना बघेन. दुखत असलेला ससा खात नाही, आणि न खाणारा ससा झपाट्याने ढासळतो. अँटिबायोटिक दिलं तर नाव वाचा. तोंडावाटे ॲमॉक्सिसिलिन सशाला चालत नाही, आतड्यातले उपयोगी जंतू मरून जीवघेणा जुलाब लागू शकतो. नेताना तिचं रोजचं गवत आणि पेलेट बरोबर द्या, म्हणजे शुद्धीवर आल्या आल्या ओळखीचं खाणं समोर असेल.

एवढं होऊन तारीख पुन्हा पुढे गेली, कारण मादी छातीचे केस उपटून घरटं करायला लागली. हा खोटा गाभ, साधारण 16 ते 18 दिवस टिकतो. त्या काळात गर्भाशयाचा रक्तपुरवठा वाढलेला असतो, स्तनग्रंथी फुगलेल्या असतात, म्हणून थांबणं बरोबरच. यावेळी राग काढायला कोणी नव्हतं.

घरी आणल्यावर लक्ष दोनच गोष्टींवर ठेवा, खाणं आणि लेंड्या. बारा तासांत दोन्हीपैकी एक जरी बंद असेल तर सकाळची वाट न बघता फोन करा. दहा दिवस उड्या आणि चढउतार बंद. टाके रोज बघायचे. ती ते चावत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

आणि मग खरी वाट बघणं. टाके सुकले म्हणजे स्वभाव बदलला असं नाही. संप्रेरकं उतरायला चार ते आठ आठवडे लागतात, मादीला बहुधा नरापेक्षा जास्त. एकाच वेतातली भावंडं लहानपणी गुण्यागोविंदाने राहतात, म्हणून लोक ही पायरी गाळतात. तीच भावंडं वयात आली की एकमेकांना फाडतात. सशाची कातडी पातळ असते, आणि चाव्याच्या जखमेत घट्ट पू धरतो, जो सहजासहजी वाहून जात नाही.

या आठवड्यांत पिंजरे शेजारी ठेवा, पण मध्ये वीतभर अंतर हवं, नाहीतर जाळीतून नाक चावतात. दर दोन-तीन दिवसांनी दोघांच्या लेंड्यांच्या ट्रेंची अदलाबदल करा, नंतर पिंजऱ्यांचीच करा. समोरासमोर जाळीलगत आडवे पडून शांतपणे खायला लागले की पुढे जायचं.

पहिली भेट दोघांनीही न पाहिलेल्या जागी. जमीन घसरडी नको, सतरंजी टाका. दहा-पंधरा मिनिटं पुरे, आणि सगळं ठीक चालू असतानाच थांबवायचं. अंगावर चढणं होणारच, काही सेकंद चालू द्या. पण उलट्या बाजूने, डोक्याकडून चढला तर लगेच उतरवा, कारण खालचा गुप्तांगाला चावू शकतो. शेपूट वर, कान मागे आणि दोघं गोल गोल फिरायला लागले की मध्ये केरसुणी घाला. उघडा हात नको, जाड हातमोजे घाला. ते एकमेकांना घाबरून चिकटावेत म्हणून गाडीत फिरवण्याची युक्ती बरेच जण सांगतात. मला ती आवडत नाही, भीतीने चिकटलेले घरी येऊन भांडतात.

हो, एक राहिलं. लपायला ठेवलेल्या खोक्याला दोन दारं हवीत, नाहीतर एक आत कोंडला जातो. गवत आणि पाण्याच्या जागाही दोन ठेवा.

एकमेकांना चाटणं, एकाच ढिगाला तोंड लावणं, अंगाला अंग लावून झोपणं दिसलं की वेळ वाढवत न्या. सलग 48 तास पाठलाग किंवा केस उपटणं झालं नाही तरच रात्री एकत्र सोडा, तेही आधी छोट्या जागेत, मग थोडी थोडी वाढवत. पुढे एकाला दवाखान्यात न्यायचं झालं तर दोघांनाही न्या. एकट्याने परत आलेल्याला दवाखान्याचा वास येतो, आणि जमलेली जोडीही त्यावरून भांडते.