पासवर्ड मेलमध्येच लिहिलेला होता

जुलैचा शेवटचा आठवडा. रिटर्न भरायची मुदत डोक्यावर, ऑफिसात चहा प्यायलाही उसंत नाही. त्यात सांगलीतल्या आमच्या एका जुन्या क्लायंटचा, हळदीच्या व्यापाऱ्यांचा मेल आला. 'बिले जोडली आहेत. पासवर्ड १२३४.' सोबत झिप फाईल.

ऑफिसातला पोरगा उघडणारच होता. मला खटकलं वेगळंच. हे गृहस्थ दरवर्षी बिलं पिशवीत कोंबून आणून देतात. महिनाभर त्या कागदांना हळदीचा वास येतो. यांना झिप कधीपासून करता यायला लागली?

मेलचा हेडर, म्हणजे तो कुठून कसा आला याची मेलमागची नोंद, काढून पाहिला. एसपीएफ पास, डीकेआयएम पास. पाठवणाऱ्याचं डोमेन खरं आहे का, हे बघणाऱ्या या दोन चाचण्या. "खरा आहे की मॅडम," पोरगा म्हणाला. खराच होता. त्यांच्याच फर्मच्या डोमेनवरून आलेला. पण पाठवताना त्या खात्यात कोण बसलं होतं, ते हेडर सांगत नाही.

आणि पासवर्ड! बिलं गुप्त ठेवायची म्हणून झिपला कुलूप लावलं, तर किल्ली त्याच मेलमध्ये कशाला? कारण कुलूप आपल्यासाठी नसतंच. ते सर्व्हरवरच्या अँटीव्हायरससाठी असतं. कुलूपबंद फाईलच्या आतलं त्याला सहसा वाचता येत नाही.

मग कपाटातला जुना लॅपटॉप काढला. त्यात क्लायंटचं काही नाही, वायफाय बंद. (कामाच्या मशीनवर हे उद्योग करू नका.) झिप सोडवली. आत 'बिल डॉट पीडीएफ', वर लाल पीडीएफचं चित्र. विंडोज फाईलच्या नावाचं शेपूट, म्हणजे एक्स्टेन्शन, लपवतं, हा मला त्याचा सगळ्यात मोठा आगाऊपणा वाटतो. २००० साली 'आय लव्ह यू' व्हायरस याच फटीतून जगभर पसरला होता. व्ह्यूमध्ये जाऊन एक्स्टेन्शन दाखवायला लावलं, तर नाव झालं 'बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई'.

पोराला पटेना. डबल क्लिक न करता तीच फाईल नोटपॅडमध्ये उघडून दाखवली. खऱ्या पीडीएफच्या सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह आणि 'पीडीएफ' ही अक्षरं दिसतात. इथे पहिली दोन अक्षरं होती एम आणि झेड. म्हणजे चालणारा प्रोग्राम. पुढे सगळा गिचमिड कचरा.

फाईलचा हॅश, म्हणजे तिचा बोटाच्या ठशासारखा आकडा, काढून तो व्हायरसटोटलवर शोधला. ही साइट फाईली अनेक अँटीव्हायरसकडून तपासून देते. काहीच सापडलं नाही. पोराचा चेहरा उजळला, पण 'सापडलं नाही' म्हणजे तिथे ही फाईल अजून कुणी दिलेली नाही, एवढंच. ही आता द्यायला हरकत नव्हती. क्लायंटचे खरे कागद मात्र मी तिथे कधीच चढवत नाही, ते इतरांच्या हाती लागू शकतात.

शेवटी फोन लावला. खरं तर आधी तोच लावायला हवा होता.

"मी कशाला मेल करतोय वो मॅडम? ते सगळं आमचं पोरगं बघतंय." मग जरा थांबून, "काल त्यानं असलंच कुठलं तरी बिल उघडलेलं. काळी चौकट आली आन् गेली म्हणत होता. काय झालंय का?"

"आधी त्या कॉम्प्युटरची नेटची वायर काढा," मी म्हटलं. "मग बोलू."