तुम्ही विचारलंत म्हणून: केमोआधी बीज गोठवायचा खर्च विमा देतो का?

कॅन्सरचं निदान झालंय, केमो लवकरच सुरू होणार आहे आणि डॉक्टर म्हणतात, पुढे मूल हवं असेल तर आधी बीज (स्त्रीबीज) गोठवून घ्या. हा खर्च विम्यात बसतो का, असं आम्हाला सारखं विचारलं जातं. उत्तर पॉलिसीवर आणि तिथल्या कायद्यावर अवलंबून आहे. अमेरिकेत कनेक्टिकट आणि ऱ्होड आयलंड या राज्यांनी २०१७ मध्ये विमा कंपन्यांना हा खर्च देणं बंधनकारक केलं, नंतर इतर काही राज्यांनीही. पण उत्तर काहीही येवो, त्याची वाट बघत बसू नका. क्लिनिकची वेळ घ्याल त्याच दिवशी पूर्वमंजुरीचा अर्ज टाका.

नकार बहुधा एकाच कलमावर बोट ठेवून येतो. बऱ्याच पॉलिसींतून वंध्यत्वावरचे उपचार वगळलेले असतात, किंवा वर्षभर प्रयत्न करूनही दिवस गेले नाहीत तरच ते मिळतात. केमो घेणार असलेल्या बावीस वर्षांच्या मुलीला ही अट लावणं अन्यायाचं आहे. तिला वंध्यत्व नाहीच, उपचारांमुळे ते येऊ शकतं. अर्जात हे ठळकपणे आलं नाही, तर तपासणारा माणूस तिची फाईलही वंध्यत्वाच्या गठ्ठ्यात टाकतो.

म्हणून फर्टिलिटी डॉक्टरांच्या पत्राबरोबर ऑन्कॉलॉजिस्टचंही, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांचंही, पत्र जोडा. 'प्रजननक्षमतेला धोका संभवतो' असलं मोघम वाक्य चालवून घेऊ नका. 'रुग्णाला सायक्लोफॉस्फामाइड द्यायचं आहे. या औषधाने अंडाशयातला बीजसाठा घटतो. केमो अमुक तारखेला सुरू होईल, त्याआधी बीज गोठवणं वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक आहे,' इतकं नेमकं हवं. तारीख असली की तातडीचा निर्णय मागता येतो.

मंजुरी कशाकशाला मिळाली हेही लेखी घ्या. बीज काढण्याआधी ती वाढवायची इंजेक्शनं साधारण १० ते १२ दिवस चालतात आणि पाळीच्या कुठल्याही दिवशी सुरू करता येतात. अनेकदा त्यांचा खर्च औषधांच्या वेगळ्या हिश्श्यात मोडतो, त्यामुळे बीज काढायला होकार आणि इंजेक्शनांना नकार, असं घडतं. सोनोग्राफी, रक्त तपासण्या, भूल आणि गोठवण्याचं प्रयोगशाळेचं बिल, प्रत्येकाबद्दल विचारा. शेवटच्या इंजेक्शननंतर साधारण ३६ तासांनी बीज काढावंच लागतं, तिथे कागदासाठी थांबता येत नाही.

'प्रायोगिक उपचार' म्हणून नकार आला तर अपील जरूर करा. अमेरिकन सोसायटी फॉर रिप्रॉडक्टिव्ह मेडिसिन या संस्थेने स्त्रीबीज गोठवण्यावरचा तो शिक्का २०१२ मध्ये काढला, अंडाशयाची ऊती (टिश्यू) गोठवण्यावरचा २०१९ मध्ये. वयात न आलेल्या मुलींसाठी ही ऊतीचीच पद्धत आहे. ऊती दुर्बिणीतून काढतात आणि दुसऱ्या कारणाने भूल द्यायचीच असेल तर त्याच वेळी उरकता येते.

पुरुषांचं काम सोपं आहे. केमोचा पहिला डोस घेण्याआधी वीर्याचा नमुना द्या, पैसे भरा, पावती ठेवा, क्लेम नंतर करा. डोसानंतरच्या शुक्राणूंमधल्या डीएनएला इजा झालेली असू शकते.

साठवणुकीचं वार्षिक भाडं मात्र बहुतेक पॉलिसी देत नाहीत, किंवा ठरावीक काळापुरतंच देतात. करारावर सही करण्याआधी भाडं थकल्यास बीजांचं काय होणार ते वाचा, आणि नोटीस यायला घरच्या आणखी एकाचा पत्ता देऊन ठेवा.