रेल्वे पास आणि जागेचे आरक्षण : कुठे आधी करावे, कुठे करूच नये

कोकणातल्या माणसाला आगाऊ आरक्षणाचे महत्त्व वेगळे समजावून सांगावे लागत नाही. १ नोव्हेंबर २०२४ पासून भारतीय रेल्वेने आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणली. तेव्हापासून गणपतीच्या तारखेतून साठ दिवस मागे मोजायचे, त्या सकाळी आठला दोन मिनिटे कमी असतानाच लॉगिन करून तयार राहायचे आणि मुंबईहून येणाऱ्या दीर-भावजयींच्या परतीच्या तिकिटांसाठी घरातल्या प्रत्येकाने आपापल्या मोबाईलवर एकदमच प्रयत्न करायचा, हा रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत घरोघरीचा कार्यक्रम झाला आहे. कोकणकन्या, तुतारी, मांडवी काही मिनिटांत भरतात. उरलेल्यांच्या वाट्याला वेटिंग, आरएसी आणि आदल्या दिवशीच्या तत्काळची धावपळ येते.

या तालमीत तयार झालेली आपली मंडळी युरोपच्या प्रवासासाठी रेल्वे पास काढतात, तेव्हा मला त्यांच्यात दोन तऱ्हा दिसतात. काहींना तो पास मुंबईच्या लोकलच्या पाससारखा वाटतो. एकदा काढला की महिनाभर कोणतीही गाडी पकडावी, कुणी काही विचारणार नाही. काही जण याच्या अगदी उलट वागतात आणि गणपतीच्या गर्दीची धास्ती मनात धरून पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत प्रत्येक गाडीची जागा घरूनच राखून ठेवतात. पहिल्यांची पंचाईत पॅरिसच्या स्थानकावर होते. दुसऱ्यांची पंचाईत त्यांच्या लक्षातही येत नाही, कारण त्यांचे पैसे आणि मोकळीक दोन्ही हळूहळू जातात.

यूरेल नावाचा हा पास युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी १९५९ पासून मिळतो. युरोपातल्या रहिवाशांसाठी इंटररेल हा वेगळा पास आहे. यूरेलचा ग्लोबल पास ३३ देशांत चालतो. त्यात सलग दिवसांचा एक प्रकार आहे, आणि महिना-दोन महिन्यांच्या मुदतीत आपल्या सोयीने चार, पाच, सात, दहा किंवा पंधरा दिवस निवडून प्रवास करण्याचा दुसरा. आपल्यासारख्या, एका गावी दोन-तीन मुक्काम करून पुढे जाणाऱ्या प्रवाशाला हा दुसरा प्रकार सोयीचा पडतो. मात्र पास कोणताही असो, त्यात गाडीचे भाडे येते, जागेचे आरक्षण येत नाही.

माझ्या कुडाळच्या भाच्याला हे काही केल्या पटेना. “मावशी, पास काढलो ना, मगे सीटचे परत पैसे कित्याक?” असा त्याचा रोकडा सवाल होता. त्याला मी आपलेच तिकीट दाखवले. आपल्या स्लीपरच्या तिकिटात वीस रुपये आणि थ्री एसीच्या तिकिटात चाळीस रुपये आरक्षण शुल्काचे असतात. भाड्यातच मिसळलेले असल्यामुळे ते आपल्या डोळ्यांत भरत नाहीत. पासधारकाचे भाडे आधीच चुकते झालेले असते, म्हणून तिकडे हे शुल्क एकटे उघडे पडते आणि जाचक वाटते. शिवाय ते वीस रुपये नसते, हेही खरे.

आरक्षणाशिवाय चढताच येत नाही अशा गाड्या प्रामुख्याने फ्रान्स, इटली आणि स्पेन या तीन देशांत आहेत. फ्रान्समधल्या टीजीव्ही या अतिवेगवान गाडीसाठी पासधारकाला साधारणपणे १० ते २० युरो द्यावे लागतात, इटलीच्या फ्रेच्चारोसा आणि स्पेनच्या एव्हीई या तशाच गाड्यांसाठीही १० युरोंपासून पुढे, आणि लंडन-पॅरिस युरोस्टारसाठी ३० युरोंच्या वर. चौघांचे कुटुंब असेल तर एकेका प्रवासाला पास असूनही चाळीस-ऐंशी युरो सहज लागतात. पास घ्यावा की सुटी तिकिटे काढावीत याचा हिशेब करताना ही रक्कम धरली नाही, तर तो हिशेब कागदावरच बरोबर राहतो. इटलीत धावणारी इटालो ही खासगी गाडी तर या पासवर चालतच नाही.

पैशांपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे कोटा. युरोस्टार, फ्रान्समधून परदेशी जाणाऱ्या टीजीव्ही आणि गर्दीच्या वेळच्या इतर टीजीव्ही यांत पासधारकांसाठी ठरावीकच जागा ठेवलेल्या असतात. त्या संपल्या की गाडीत इतर जागा रिकाम्या असल्या तरी पासधारकाला मिळत नाहीत. हवी असल्यास पूर्ण भाड्याचे तिकीट घ्यावे लागते, आणि प्रवास जवळ आलेला असताना ते भाडे अंगावर येते. आपल्याकडे वेटिंग सत्तावीसवरून सात होते, चार्ट लागेपर्यंत आशा सुटत नाही. तिकडे वेटिंग नाही आणि आरएसी नाही. जागा आहे किंवा नाही, एवढीच दोन उत्तरे.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की पास विकत घेण्याआधीच आपल्या मार्गातल्या सक्तीच्या आरक्षणाच्या गाड्या कोणत्या ते शोधावे आणि त्यांत जागा दिसते का ते पाहावे. त्या गाड्यांच्या तारखा ठरल्या की त्यांच्याभोवती बाकीचा प्रवास बसवावा. आधी गावे, मग हॉटेले आणि शेवटी गाड्या असा क्रम आपण लावतो तो सहलीच्या जाहिराती पाहून. पासच्या प्रवासात तो उलटा लावल्याशिवाय गत्यंतर नाही.

जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, बेल्जियम आणि नेदरलँड्स इथले चित्र अगदी वेगळे आहे. या देशांच्या अंतर्गत गाड्यांत बहुतेक ठिकाणी आरक्षणाची सक्तीच नाही. स्वित्झर्लंडच्या इंटरसिटीत तर स्थानिक माणसेही आरक्षण करताना दिसत नाहीत. गाडी आली की चढतात, जागा मिळेल तिथे बसतात. जर्मनीच्या आयसीई या वेगवान गाडीत पाच-सहा युरो देऊन जागा राखता येते, ऑस्ट्रियाच्या रेलजेटमध्ये तीन युरोंच्या आसपास, पण दोन्हीकडे ते ऐच्छिक आहे.

आयसीईत आरक्षणाविना जागा शोधण्याची रीत आपल्या माणसाने समजून घ्यावी अशी आहे, कारण आपल्याकडे आरक्षित डबा म्हणजे अखंड आरक्षित. तिथे आरक्षित आणि अनारक्षित प्रवासी एकाच डब्यात बसतात. प्रत्येक आसनाजवळ एक छोटी उजळ पट्टी असते आणि ती जागा कुठपासून कुठपर्यंत राखलेली आहे हे तिच्यावर दिसते. फ्रँकफुर्टहून बाझेलकडे जाताना आम्हाला दोन आसने सापडली, त्यांवर मानहाइम ते फ्रायबुर्ग अशी अक्षरे होती; म्हणजे मानहाइम येईपर्यंत ती कुणाचीच नव्हती. आम्ही बसलो. मानहाइमला एक आजी-आजोबा चढले, आजींनी हातातल्या कागदावरचा आकडा आणि आसनावरचा आकडा दोनदा ताडून पाहिला, आम्ही उठलो, त्यांनी मान लववली आणि आम्ही पलीकडच्या, नुकत्याच रिकाम्या झालेल्या जागांवर गेलो. ‘जरा सरकून घ्या’ नाही आणि ‘तिकीट दाखवा बघू’ही नाही. जिथपासून जागा राखली आहे त्या स्थानकावरून गाडी सुटल्यापासून पंधरा मिनिटांत राखलेल्या जागेवर मालक आला नाही, तर त्याचा हक्क संपतो, हा नियमही लक्षात ठेवण्यासारखा आहे; अर्थात आरक्षण आपले असेल, तर तो आपल्यालाही लागू होतो.

चिपळूणच्या आमच्या एका स्नेह्यांना त्यांच्या एजंटाने स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियातल्या झाडून सगळ्या गाड्यांची आरक्षणे करून दिली होती. साल्झबुर्गला सकाळी पाऊस लागला, ढग उतरले, डोंगर दिसेना. दुपारी उघडले, पण तोपर्यंत त्यांची गाडी गाठण्याची वेळ झाली होती, आणि पैसे भरलेत तर जायलाच हवे म्हणून ते ठरलेल्या गाडीने निघाले. पुढच्या गाडीने गेले असते तरी पास तोच चालला असता. फार तर तीन युरोंवर पाणी सोडावे लागले असते. पासधारकांची बहुतेक आरक्षणे रद्द केल्यास फारसे काही परत मिळत नाही, त्यामुळे अनावश्यक आरक्षण हे उगाच घातलेले बंधन ठरते. वयस्कर आई-वडील बरोबर असतील, चौघांना एकत्रच बसायचे असेल किंवा शुक्रवार-रविवारची संध्याकाळ असेल, तर मात्र या देशांतही मी जागा राखीन.

आपल्याकडच्या कुटुंबांनी मे महिन्याची विशेष काळजी घ्यावी. शाळांना सुटी म्हणून आपण मे निवडतो, आणि जर्मनी, फ्रान्स, ऑस्ट्रियात बरेचदा त्याच महिन्यात १ मेची सुटी, ईस्टरचा रविवार धरून चाळिसाव्या दिवशी, म्हणजे नेहमी गुरुवारीच, येणारा स्वर्गारोहणाचा सण आणि त्यानंतर दहा दिवसांनी पेंटेकॉस्ट असे जोडून येतात. गुरुवारच्या सुटीला शुक्रवारची रजा जोडून सगळे बाहेर पडतात. त्या चार दिवसांतल्या गाड्या पाहिल्या, तर गणपतीतली दिवा-सावंतवाडी नाही, तरी तिची धाकटी बहीण आठवते.

सक्तीची गाडी टाळण्याची वाटही बहुतेक ठिकाणी असते, आणि मला तीच अधिक आवडते. फ्रान्समधल्या टीईआर या प्रादेशिक गाड्यांना आरक्षण लागत नाही. स्ट्रासबुर्गहून कोल्मार, म्युलूजवरून बाझेलला अशा गाडीने सहज जाता येते. अ‍ॅमस्टरडॅमहून ब्रुसेल्सला युरोस्टारऐवजी साध्या इंटरसिटीने जाता येते. फ्लॉरेन्स ते रोम हा दीड तासाचा प्रवास प्रादेशिक गाडीने साडेतीन-चार तासांचा होतो, तेव्हा तिथे मी शुल्क भरेन. पण स्वित्झर्लंडच्या बर्निना एक्स्प्रेसबाबत माझा सल्ला नेमका उलटा आहे. तिच्या काचेच्या छताच्या डब्यांसाठी आरक्षण सक्तीचे आहे आणि ते महागही आहे. परंतु त्याच रुळांवरून, त्याच ब्रुसिओच्या गोल पुलावरून साध्या प्रादेशिक गाड्याही धावतात, त्यांना आरक्षण लागत नाही आणि त्यांतल्या काही डब्यांच्या खिडक्या उघडतात. कोकण रेल्वेवरच्या करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यातून बाहेर पडताना दारात उभे राहून वारा खाण्याची सवय असलेल्याला बंद काचेपेक्षा ही खिडकी नक्कीच मानवेल.

रात्रीच्या गाड्यांना आरक्षण हवेच, मग देश कोणताही असो. ऑस्ट्रियाच्या नाइटजेटमध्ये बसण्याची जागा, चार किंवा सहा जणांच्या कप्प्यातला बर्थ किंवा पूर्ण शयनकक्ष यांपैकी जे हवे त्याचे शुल्क वेगळे असते आणि बर्थ लवकर संपतात. यात एक फायदा असा की गाडी मध्यरात्रीपूर्वी सुटली आणि त्यानंतर गाडी बदलली नाही, तर पासचा सुटण्याचा एकच दिवस खर्ची पडतो. पोहोचल्यावर त्याच दिवशी दुसरी गाडी पकडली, तर मात्र दुसरा दिवस लागतो.

आरक्षण करण्याचा सर्वांत सरळ मार्ग यूरेलच्या संकेतस्थळावर आहे. तिथे दर गाडीमागे माणशी दोन युरो जादा घेतात. जर्मनी आणि ऑस्ट्रियाच्या रेल्वेच्या स्वतःच्या संकेतस्थळांवर ‘फक्त जागा’ असा पर्याय निवडून हे दोन युरो वाचवता येतात. स्पेनमधल्या गाड्यांसाठी स्थानकावरची खिडकी हाही मार्ग आहे, पण पर्यटकांच्या हंगामात तिथली रांग लांब असते.

आरक्षण केले म्हणून पासमधला दिवस आपोआप सुरू होत नाही. यूरेलच्या रेल प्लॅनर अ‍ॅपमध्ये आधी पास चालू करावा लागतो, मग त्या दिवशीची गाडी त्यात भरावी लागते, तेव्हा कुठे क्यूआर कोड तयार होतो. तपासनीस तो कोड पाहतो, सक्तीच्या गाडीत आरक्षणही पाहतो आणि पासवरचे नाव पासपोर्टशी ताडू शकतो. अ‍ॅपला दर तीन दिवसांतून एकदा तरी इंटरनेट मिळावे लागते. आरक्षणाची प्रत मात्र मोबाईलमध्येच उतरवून ठेवावी. भुयारी फलाटावर नेटवर्कचा भरवसा नसतो.

लंडनचा विचार असणाऱ्यांनी युरोस्टारचे आरक्षण करण्याआधी व्हिसाकडे पाहावे. पास ब्रिटनमध्ये चालतो, पण युरोपातल्या बहुतेक देशांसाठीचा सामाईक शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही. ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. ब्रिटनहून पॅरिसला परतायचे असेल, तर शेंगेन व्हिसा एकापेक्षा अधिक प्रवेशांचा आहे ना, तेही तपासून मगच पैसे भरावेत.