एकशे बासष्ट सामने बघायचे कसे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. प्रश्न साधारण असा असतो: अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये एकेक संघ मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर १६२ सामने खेळतो. जवळजवळ रोज सामना. मग एका सामन्याची किंमत ती काय? आणि क्रिकेटवर वाढलेल्या माणसानं यात जीव गुंतवायचा कसा?

आधी पराभवाची सवय करून घ्यावी लागते. आयपीएलच्या साखळीत १४ सामने असतात, तिथे लागोपाठ चार हरले की संघाचं कंबरडं मोडतं. बेसबॉलमध्ये शंभर सामने जिंकणारा संघ म्हणजे जबरदस्त संघ, आणि तोही बासष्ट वेळा हरतो. साठ टक्के सामने जिंकण्याच्या ताकदीचा संघसुद्धा निव्वळ योगायोगानं हंगामात सरासरी दोनदा तरी सलग चार सामने हरेल, गणितच तसं आहे. जुने जाणकार म्हणतात, प्रत्येक संघ ५४ जिंकणार, ५४ हरणार. उरलेल्या ५४ मध्ये काय करतो तेवढं बघा. याला अपवाद क्वचित. २०२४ चा शिकागो व्हाईट सॉक्स हा त्यातला सर्वांत करुण, ४१ विजय आणि १२१ पराभव.

म्हणून एकेक सामना मोजू नका, मालिका मोजा. एकाच प्रतिस्पर्ध्याशी तीन किंवा चार सामने सलग होतात. तीनपैकी दोन जिंकले की काम फत्ते. प्रत्येक मालिका २-१ अशी जिंकली तर हंगामाअखेर १०८ विजय होतात, आणि तेवढे फार थोड्या संघांना जमलेत.

भारतात बसून बघायचं तर वेळेचं गणित सोपं आहे. डेट्रॉइटमध्ये संध्याकाळी ६:४० ला सुरू होणारा सामना आपल्याकडे पहाटे ४:१० ला लागतो. पश्चिम किनाऱ्यावरचा ७:१० चा सामना सकाळी ७:४० ला, चहाबरोबर. दुपारी १:१० चा असेल तर रात्री १०:४०. शनिवार-रविवारी असे दुपारचे सामने बरेच सापडतात, नव्या माणसानं तिथूनच सुरुवात करावी. २०२३ मध्ये पिचरवर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यावर, घड्याळ लावल्यापासून सरासरी सामना पावणेतीन तासांच्या आत आटोपतो. रोज पूर्ण बघायची गरजही नाही. रोजचं धावपत्रक मात्र वाचायलाच हवं, आणि ते वाचायची एक रीत आहे.

कोण जिंकलं हे नंतर बघा. आधी बघा, सुरुवातीचा पिचर नऊपैकी किती इनिंग (इनिंग म्हणजे दोन्ही संघांची फलंदाजीची एकेक पाळी) टिकला, त्यानं किती चेंडू टाकले, आणि त्याच्यामागून बुलपेनमधून, म्हणजे राखीव पिचरांच्या ताफ्यातून, कोण कोण आलं. हंगामाचे चढउतार नव्वद टक्के इथे शिजतात, असं माझं ठाम मत आहे.

संघात २६ खेळाडू, त्यांत पिचर जास्तीत जास्त १३. त्यातले पाच सुरुवात करणारे. पाच-सहा दिवसांतून एकदा त्यांची पाळी येते. उरलेले आठ बुलपेनमध्ये. सुरुवातीच्या पिचरनं ९०-१०० चेंडूंत सहा इनिंग काढल्या, की तीन इनिंगसाठी तीन माणसं पुरतात. आता समजा मंगळवारी तो तिसऱ्याच इनिंगमध्ये बाद... म्हणजे मार खाऊन बाहेर गेला. सहा-सात इनिंग बुलपेनच्या गळ्यात पडल्या, पाच जणांचे हात वापरले गेले. बुधवारी त्यातल्या दोघांना पुन्हा यावं लागलं. लागोपाठ दोन दिवस टाकलेल्याला तिसऱ्या दिवशी सहसा विश्रांती देतात. गुरुवारी आठव्या इनिंगमध्ये एका धावेची आघाडी आहे आणि मैदानात येतो तो संघातला सातव्या-आठव्या क्रमांकाचा राखीव पिचर. आघाडी गेली, सामना गेला. लोक त्या पिचरला बोल लावतात. खरं तर गुरुवारचा सामना मंगळवारीच हातातून निसटलेला असतो. हे एकदा दिसायला लागलं की पराभव आधी दिसतो, आणि खेळाची गोडी तिथून लागते.

संघ यावर उपाय करतात. थकलेल्या पिचरला खालच्या लीगमध्ये पाठवून ताज्या हाताचा माणूस वर आणतात. डेट्रॉइट टायगर्सचा असा संघ टोलीडोला आहे, गाडीनं तासाभराच्या अंतरावर. पण खाली पाठवलेला पिचर, वर कुणी जखमी झाल्याशिवाय, १५ दिवस परत आणता येत नाही, आणि हंगामात एका खेळाडूला असं पाचपेक्षा जास्त वेळा खाली धाडता येत नाही. ऑगस्टपर्यंत या सवलती संपत आलेल्या संघाकडे लक्ष ठेवा.

दर आठवड्याला आणखी एक आकडा बघावा, केलेल्या धावा आणि दिलेल्या धावा. दोन्हींचा वर्ग करा. केलेल्या धावांच्या वर्गाला दोन्ही वर्गांच्या बेरजेनं भागा. हे सूत्र बिल जेम्स यांचं. संघानं ७०० धावा केल्या, ६५० दिल्या, तर उत्तर येतं ०.५३७, म्हणजे १६२ मध्ये ८७ विजय. प्रत्यक्षात तो ९४ जिंकत असेल, तर एका धावेच्या फरकाचे सामने त्याच्या बाजूनं पडलेत. असं सुदैव सहसा पुढे टिकत नाही.

गुणतक्त्यात मात्र ‘गेम्स बिहाइंड’ हाच आकडा लोकांच्या तोंडी असतो. पुढच्या संघाचे विजय वजा मागच्याचे विजय. मागच्याचे पराभव वजा पुढच्याचे पराभव. दोन्हींची बेरीज निम्मी करा. ८ जुलै २०२५ ला डेट्रॉइट ५९-३४ आणि क्लीव्हलँड गार्डियन्स ४२-४८ वर होते. सतरा अधिक चौदा, एकतीस, त्याचे निम्मे साडेपंधरा. एवढी आघाडी गमावून डिव्हिजन, म्हणजे आपला पाच संघांचा गट, हरलेला संघ तोवर मेजर लीगच्या इतिहासात नव्हता.

आणि हे त्याच डेट्रॉइटच्या वाट्याला आलं, ज्यानं वर्षभरापूर्वी उलटं करून दाखवलं होतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते ५५-६३ वर होते, जुलैअखेर जॅक फ्लॅहर्टीसारखा पिचर विकून बसले होते, ऑक्टोबरात, म्हणजे बाद फेरीत, पोचण्याची शक्यता एक टक्क्याच्याही खाली होती. तिथून ३१-१३. भरवशाचा सुरुवातीचा पिचर म्हणजे मुख्यतः टारिक स्कूबल. बाकीचे बरेच दिवस व्यवस्थापक ए. जे. हिंच यांनी बुलपेनमधल्या माणसांना दोन-दोन इनिंग वाटून रेटले. पिचिंगचं इतकं काटकसरीचं आणि इतकं सुंदर नियोजन क्वचितच बघायला मिळतं.

२०२५ मध्ये घसरण हळूहळू झाली. आमनेसामनेचा सामना इथे फार महागात पडतो. इतरांशी हरलात तर अर्धा सामना जातो, थेट प्रतिस्पर्ध्याशी हरलात तर पूर्ण. डिव्हिजनमधल्या दोन संघांत असे १३ सामने असतात. सप्टेंबरच्या उत्तरार्धात दोघे सहा वेळा भिडले, पाच क्लीव्हलँडनं जिंकले. फक्त त्या सहा सामन्यांत चार सामन्यांचं अंतर कापलं गेलं.

२३ सप्टेंबरची सहावी इनिंग अजून डोळ्यांसमोर आहे. डेट्रॉइट २-० नं पुढे, चेंडू स्कूबलच्या हातात. त्याला जोरात मारणं जमत नाही म्हटल्यावर क्लीव्हलँडच्या दोन बॅटरनी लागोपाठ नुसती बॅट आडवी धरून चेंडू जमिनीवर टेकवला. दुसऱ्या वेळी स्कूबल धावत आला, आणि पाठ पहिल्या बेसकडे असतानाच त्यानं चेंडू दोन पायांमधून मागे फेकला. चेंडू भलतीकडे गेला. इनिंग तिथून विस्कटली. क्लीव्हलँडनं सामना ५-२ असा घेतला, आणि दोन्ही संघ ८५-७२ वर आले. साडेपंधराचे शून्य झाले होते.

शेवटी क्लीव्हलँड ८८-७४, डेट्रॉइट ८७-७५. बरोबरी झाली असती तरी डिव्हिजन क्लीव्हलँडचीच होती, कारण २०२२ पासून निर्णायक जादा सामना होत नाही, आमनेसामनेची कामगिरी बघतात. पण डेट्रॉइट संपलं नव्हतं. मेजर लीगच्या पोटात दोन लीग आहेत, प्रत्येकीतून सहा संघ बाद फेरीत जातात, तीन डिव्हिजनविजेते आणि तीन वाईल्ड कार्ड, म्हणजे उरलेल्यांतले सर्वांत सरस. डेट्रॉइट त्या दारातून आत आलं, क्लीव्हलँडच्याच मैदानावर तीनपैकी दोन जिंकलं, आणि पुढच्या फेरीत सिएटलशी पाचव्या, निर्णायक सामन्यापर्यंत पोचलं.

त्या रात्री स्कूबलनं सहा इनिंगमध्ये १३ जणांना स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, केलं आणि एकच धाव दिली. चेंडू झाले ९९. तो उतरला तेव्हा डेट्रॉइट २-१ नं पुढे होतं. सातव्या इनिंगमध्ये सिएटलनं बरोबरी केली. मग बुलपेन एकामागून एक येत राहिलं, थेट पंधराव्या इनिंगपर्यंत, आणि तिथे होर्हे पोलांकोच्या एका फटक्यावर सामना ३-२ असा सिएटलकडे गेला.