विंग्जबरोबर कुठली बिअर घेऊ?

कुणीतरी बारमध्ये बसलेलं असतं आणि मला फोटो येतो. मेन्यूचा, तिरका, निम्मा अंधारात. खाली एक ओळ: ‘विंग्ज सांगितल्यात, बिअर कुठली घेऊ?’ विंग्ज म्हणजे सॉसमध्ये घोळवलेले कोंबडीचे तळलेले पंख. मी बिअर बनवत नाही, बारही चालवत नाही. आठवड्यातली एक संध्याकाळ ठरलेल्या बारच्या ठरलेल्या कोपऱ्यात काढतो, तेवढ्यावर लोकांनी मला जाणकार करून टाकलंय. तर, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. माझा पहिला उलटा प्रश्न असतो, सॉस कुठला? यावर बहुतेक जण वैतागतात. त्यांना बिअरचं नाव हवं असतं. पण सॉस कळल्याशिवाय नाव सांगणं म्हणजे पेशंट न बघता औषध लिहून देणं.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. क्राफ्ट बिअरचं, म्हणजे छोट्या ब्रुअरीत बनणाऱ्या बिअरचं, नवं नवं वेड होतं तेव्हा मला आयपीए (इंडिया पेल एल, कडवट चवीची बिअर) म्हणजेच क्राफ्ट बिअर वाटायची. जितकी कडू तितकी भारी. अशाच एका संध्याकाळी मेन्यूवरच्या सगळ्यात जहाल विंग्ज आणि सगळ्यात कडू आयपीए एकदमच मागवली. दुसऱ्या विंगला जीभ पेटली, म्हणून मोठा घोट घेतला. आग विझायच्या ऐवजी भडकली. आणखी एक घोट, आणखी भडका. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि समोरचा मित्र शांतपणे सेलरी (विंग्जबरोबर येणारे भाजीचे कच्चे देठ) चावतोय.

असं का होतं ते पुढे कळलं. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या उष्णता ओळखणाऱ्या संवेदकांना चेतवतं. एरवी हे संवेदक साधारण 42 अंश सेल्सिअसच्या पुढे ‘भाजलं’ म्हणून ओरडतात. अल्कोहोल ही मर्यादा 34 अंशांच्या आसपास खाली आणतं, म्हणजे शरीराची नेहमीची ऊबही त्यांना चटका वाटायला लागते. (जखमेवर स्पिरिट लावल्यावर झोंबतं ते यामुळेच.) शिवाय कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही आणि बिअर म्हणजे बहुतांशी पाणीच, त्यामुळे घोटाने तिखट धुतलं न जाता तोंडभर पसरतं. बुडबुडेही स्वतःच्या परीने टोचतात. त्यात हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा, कडवटपणा तिखटाच्या मागे रेंगाळत राहतो. ज्या वाटीकडे मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं, त्या ब्लू चीजच्या डिपमध्ये खरा उपाय होता. त्यातल्या चरबीत कॅप्सेसिन विरघळतं आणि दुधातलं केसीन हे प्रथिन त्याला धरून नेतं. ती वाटी शोभेची नव्हे.

म्हणून जहाल विंग्ज असतील तर माल्टकडे, म्हणजे मोड आणून भाजलेल्या धान्याची चव पुढे असलेल्या बिअरकडे, वळा. अंबर लागर, व्हिएन्ना लागर, ब्राउन एल. भाजलेल्या धान्याचा किंचित गोडवा, कडवटपणा बेताचा, अल्कोहोल पाच टक्क्यांच्या आसपास. गव्हाची बिअरही छान, मऊ असते, तोंडाला आराम देते. गोडसर बार्बेक्यू सॉस असेल तर स्टाउट किंवा पोर्टर या काळपट बिअर. करपलेल्या साखरेला करपलेलं धान्य बरोबर ओळखतं. लसूण-पार्मेजान चीजच्या सॉसवर थंड, कोरडी पिल्सनर ही फिकट लागर. आणि माझी लाडकी आयपीए? ती लिंबू-मिरीच्या कोरड्या मसाल्याबरोबर घ्या. हॉप्समधला संत्र्या-मोसंबीच्या सालीचा वास लिंबाला भेटतो आणि मिरीचा तिखटपणा कॅप्सेसिनसारखा घर करून बसत नाही. त्या जोडीपुढे मला दुसरं काही सुचत नाही.

सॉसचं आणखी एक. ‘बफेलो’ म्हटलं की म्हैस शोधू नका, ते न्यूयॉर्क राज्यातलं शहर आहे. तिथल्या अँकर बारमध्ये 1964 साली टेरेसा बेलिसिमो यांनी, एरवी सूपच्या पातेल्यात जायचे ते पंख तळून, तिखट सॉस आणि लोण्यात घोळवून दिले. ते नेमकं का केलं याच्या गोष्टी त्यांच्या घरच्यांनीच वेगवेगळ्या सांगितल्यात. त्याच शहरात जॉन यंग हे त्याच दशकात अख्खे पंख पिठात घोळवून, तळून ‘मांबो’ नावाच्या सॉसमध्ये विकत होते. मान मात्र बराच काळ एकाच बारला मिळाला. क्राफ्ट बिअरचं मूळही असंच छोट्या जागांमधलं. 1976 मध्ये जॅक मॅकऑलिफ यांनी कॅलिफोर्नियातल्या सोनोमात न्यू अल्बियन ही इवलीशी ब्रुअरी काढली. ती 1982 पर्यंतच टिकली, पण तिच्याकडे बघून पुढे कित्येकांनी भांडी चुलीवर चढवली. म्हणजे आपण ताटात आणि ग्लासात जे घेऊन बसतो ते दोन्ही साधारण एकाच पिढीचं, आणि दोन्ही कुणीतरी लहान जागेत जुगाड करून उभं केलेलं.

आता ज्यावर मी विनाकारण जास्त बोलतो ते. फेस. बिअरचा फेस धान्यातली प्रथिनं आणि हॉप्समधले कडू घटक मिळून धरून ठेवतात, आणि चरबी लागली की तो कोसळतो. विंग्ज खाताना आपले ओठ म्हणजे लोणीच. पहिल्या दोन घोटांत ग्लासवरचा फेस गायब होतो आणि लोक बारवाल्याला म्हणतात, बिअर शिळी आहे. एकदा मीही म्हटलं होतं. त्याने काही न बोलता पेपर नॅपकिनचा गठ्ठा पुढे सरकवला. तेव्हापासून घोटाआधी ओठ पुसतो. ग्लास मुळातच नीट धुतलेला नसेल तर तेही कळतं: बुडबुडे वर न जाता आतून काचेला चिकटून बसतात. स्वच्छ ग्लासात पीत जाल तशी फेसाची जाळीदार कडी मागे राहतात. आणि बर्फाळ केलेला जाड मग दिला तर नको म्हणा. आतल्या बर्फाने फेस उसळतो, बिअर पातळ होते आणि जीभ इतकी गारठते की क्राफ्ट पिताय की काय, काही कळत नाही.

ठरलेल्या बारचा फायदा इथेच होतो. टॅपवरचं पिंप कधी लावलं, हे विचारता येतं आणि खरं उत्तर मिळतं. हॉप्सचा वास फार लवकर उडतो, त्यामुळे रेंगाळलेल्या पिंपातली आयपीए नुसती कडू उरते. अनोळखी बारमध्ये मी चार छोट्या ग्लासांचा ट्रे मागवतो आणि सॉस वेगळा वाटीत द्यायला सांगतो. साध्या विंगची सालच कुरकुरीत नसेल, तर सॉसने काय झाकणार? एक आकडा तेवढा लक्षात ठेवा: 330 मिलीच्या पाच टक्के बिअरमध्ये सुमारे 13 ग्रॅम अल्कोहोल असतं, आठ टक्क्यांच्या स्टाउटमध्ये तेवढ्यातच जवळपास 21. ग्लास सारखाच दिसतो. गाडीची किल्ली घरी ठेवून जा.

राहिला ड्रमेट (पंखाचा खांद्याकडचा, एका हाडाचा तुकडा) की फ्लॅट (मधला, दोन हाडांचा चपटा तुकडा) हा वाद. मी फ्लॅटवाला. दोन हाडांमधलं मांस रसाळ असतं आणि मांसाच्या मानाने साल जास्त. टोकाकडची कूर्चा मोडायची, बारीक हाड पिळून ओढून काढायचं, मग जाड हाड. जमलं तर सगळं मांस एका घासात येतं. ड्रमेटवाल्या मित्राबरोबर गेलात तर वाटणीचा प्रश्नच येत नाही. आम्ही दोघं याच कारणासाठी इतकी वर्षं एकत्र बसतोय, असं तो म्हणतो. सेलरी अजूनही तोच संपवतो.