उपचार पूर्ण

अंगणवाडीत पोचल्यावर मी स्टेथोस्कोप लगेच काढत नाही. आधी पोरांना अंगणात पळू देते आणि बघत बसते. पळता पळता एखादं मूल मध्येच थांबतं आणि उकिडवं बसतं. गुडघे पोटाशी, ओठ जांभळट, जोराची धाप. आईला वाटतं, पोर दमलं. खरं तर ते आपल्यापुरता उपाय करत असतं. तसं बसल्यावर पायांकडच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, अंगभर जाणाऱ्या रक्ताला अडथळा होतो, आणि हृदयातल्या छिद्रातून वाट चुकणारं अशुद्ध रक्त थोडं जास्त फुप्फुसाकडे वळतं. हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

मागच्या जुलैत जुन्नर तालुक्यातल्या एका वाडीवर मी आयांना हेच सांगत होते. तपासणी संपली, गाडीत सामान चढलं, तेवढ्यात एक गरोदर मुलगी मागून आली. तेवीस-चोवीस वर्षांची. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "मॅडम, मी पण तशीच बसायचे."

तिनं पदर सरकवला. बंद गळ्याच्या ब्लाउजखाली छातीच्या मधोमध उभा व्रण होता. 2006 साली, पाच वर्षांची असताना, पिवळ्या रेशनकार्डावर जीवनदायी योजनेतून मुंबईला ऑपरेशन झालं होतं. "भोक बुजवलं," एवढंच तिला ठाऊक. कागद? माहेरच्या पेटीत होते, एका पावसाळ्यात भिजले. शेवटची तपासणी? तिसरीत असताना. पाचवा महिना लागला होता आणि तिच्या कार्डावर पूर्वीचा आजार 'नाही' असं लिहिलेलं. तिनंच तसं सांगितलं होतं. लग्न ठरताना आईनं बजावलं होतं, सासरी बोलू नकोस. नवऱ्याला माहीत होतं, सासूला नाही.

गाडीतच तिला बसवलं आणि कान लावला. छातीच्या डाव्या कडेला आवाज येत होता. जाताना एक, परतताना एक, लाकडावर करवत चालावी तसा. कधी धडधडतं का, विचारलं. "जिना चढले की. पण पोटुशी बाईला होतंच की, सासूबाई म्हणतात."

तिचा आजार टेट्रॉलॉजी ऑफ फॅलो, म्हणजे मूल निळं पाडणारा हृदयाचा जन्मजात दोष, असणार, हे मला तिच्या त्या एका वाक्यानेच कळलं होतं. त्यात छिद्र बुजवणं हा अर्धाच भाग. फुप्फुसाकडे जाणारी अरुंद वाट सर्जन रुंद करतात, आणि पुष्कळदा ती रुंद करताना तिथली झडप नीट मिटेनाशी होते. मूल गुलाबी होतं, पळायला लागतं, घरात पेढे वाटले जातात. पण त्या न मिटणाऱ्या झडपेतून प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त मागे येत राहतं. उजवा कप्पा वर्षानुवर्षं ते झेलतो आणि हळूहळू फुगत जातो. विशीत, तिशीत कधीतरी ठोके चुकायला लागतात, काहींना झडप नवी बसवावी लागते. तोवर बाईला काही जाणवतही नाही. अशा बायका बाळंत होतात, बहुतेक सुखरूप होतात, पण त्यांचं हृदय कुणीतरी बघत असावं लागतं.

सासूला सांगण्यावरून ती रडली. मी सांगणार नाही, असं तिला वचन दिलं, आणि नवऱ्याला फोन लावायला लावला. तो दुसऱ्या दिवशी तिला घेऊन पुण्याला आला. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, तेच निघालं: झडप गळती, उजवा कप्पा मोठा, पण ताकद चांगली. पोटातल्या बाळाच्या हृदयाचाही इको झाला, कारण आईला जन्मजात दोष असला की बाळालाही तो असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. बाळाचं हृदय ठीक होतं. नोव्हेंबरात मोठ्या रुग्णालयात, सतत ईसीजी लावून, तिची साधी प्रसूती झाली. सासूला नवऱ्यानंच सांगितलं. त्या माउलीनं एवढंच विचारलं म्हणे, की मग एवढे दिवस हंडे का उचलू दिलेत तिला.

मला मात्र त्या जुलैच्या रात्री झोप लागली नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये पालघरहून सुरू झाला, त्याच वर्षी मी पथकात कंत्राटावर लागले. आमचं काम अठराव्या वर्षापर्यंत. ज्या मुलांची ऑपरेशनं आम्ही करून आणली, त्यांच्या नावापुढे शेवटच्या रकान्यात मी स्वतःच्या हातानं 'उपचार पूर्ण' लिहीत आले होते. अभिमानानं लिहीत होते.

सकाळी जुनी रजिस्टरं काढली. हृदयाची अकरा नावं निघाली. चार फोन बंद होते, दोन घरं चाकणला गेलेली. सातव्या नंबरवर एका मुलाची आई भेटली. 2014 मध्ये सहा वर्षांचा असताना पाठवलेला मुलगा, आता बारावीला. पोलीस भरतीसाठी रोज पहाटे पळतो, म्हणाली. त्याची तपासणी शेवटची कधी झाली, मी विचारलं.

"तपासणी कशाची?" ती म्हणाली. "बरा झाला, असं तुम्हीच सांगितलंत ना मॅडम तेव्हा?"

"हो," म्हटलं, "मीच सांगितलं होतं. शनिवारी त्याला घेऊन या. आणि तोवर पळायला पाठवू नका."