पाच मिनिटं

मंगळवार, रात्री

"मॅडम, लगेच कट नका ना करू. बोलायचं काही नाहीये. नुसता चालू राहू द्या."

निफाडच्या मुलीचं ऑनलाइन समुपदेशनाचं सेशन संपलं होतं. सात वाजताच्या मुलाला पाच मिनिटं उशीर होईल असा मेसेज टाकला आणि कॉल चालू ठेवला. ती गच्चीवर, गुडघे पोटाशी घेऊन. शेजारच्या द्राक्षबागेत ट्रॅक्टरवर फवारणीचा ब्लोअर चालू होता, त्याची घरघर माझ्या कानात. मग "झालं" म्हणाली आणि गेली.

तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

नाशिकला कॉलेज रोडवर माझ्या खोलीवर यायची तेव्हा परतीला एसटी असायची. रडून सुजलेले डोळे चांदोरी मागे पडेपर्यंत उतरतात, असं तीच एकदा म्हणाली होती. निफाडला उतरेपर्यंत चेहरा पुन्हा तिच्या ताब्यात. आता कॉल बंद केला की खाली जिना आणि जिन्याखाली आई, "ताट वाढलंय." जिच्याबद्दल तासभर रडली, तिच्याच हातची भाकरी, दोन मिनिटांत. भाडं वाचतं, क्लास बुडत नाही, हे आईचं म्हणणंही खरंच आहे.

सुरुवातीची काळजी मी नीट घेते. कुठे आहेस, जवळ कोण आहे, गरज पडली तर फोन कुणाला करू. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ पहिल्याच दिवशी सेव्ह करून घेते. शेवटी पाय जमिनीवर टेकवायला सांगते, श्वास मोजायला लावते. पण टेकवलेले पाय मला दिसत नाहीत. खांद्यापर्यंतचंच माणूस दिसतं. आणि मग ती चौकट विझते, पोर एकटं त्याच घरात.

सातचा तर कॅमेराही लावत नाही. सिडकोतल्या दोन खोल्या, भिंतीपलीकडे काका. जे खरं असतं ते चॅटमध्ये टाइप करतो. त्याच्यानंतर मी लॅपटॉप मिटला आणि तशीच बसून राहिले. माझ्यासाठी कोण चालू ठेवणार कॉल, असं वाटून डोळे भरून आले. हे सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे माझ्या कामाबद्दल वरिष्ठ समुपदेशकाशी बोलते तिथे, बोलायला हवं. आज नको.

पण तिनं मागितलं. ही मुलगी, जी पाणीसुद्धा मागत नाही, तिनं स्वतःला काय हवं ते ओळखलं आणि तोंडानं मागितलं. दिवसभरात याच्याकडेच बघायला हवं होतं बहुतेक.

पुढच्या आठवड्यापासून दोन अपॉइंटमेंटांमध्ये पंधरा मिनिटं मोकळी ठेवायची. संध्याकाळचा एक जण कमी होईल, खोलीच्या भाड्याचा हिशोब पुन्हा मांडावा लागेल. सातच्यालाही विचारायचं, हवीत का. त्याला नकोही असतील.